सल्ला : क्लोज्ड गार्ड बसतो, हल्ला मात्र होत नाही

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. शाळेत असल्यापासून तालमीत होतो, आधी मातीत आणि नंतर मॅटवर. चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि कुस्ती सुटली. आता वय ३३, वजन ७८ किलो. दोन वर्षांपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींचा, कुस्तीसारखा खेळ) शिकतो आहे आणि नुकताच ब्लू बेल्ट मिळाला. वर असलो की फारशी अडचण येत नाही. खाली गेलो की क्लोज्ड गार्ड लावतो, म्हणजे पाठीवर पडून दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती बांधतो, आणि तिथेच सगळे थांबते. पार्टनर ताठ बसतो, माझ्या मांड्यांत कोपरे रुतवतो, पाय उघडतो आणि बाजूने निघून जातो. मी दर वेळी ट्रँगल (पायांनी गळा आवळण्याचा डाव) घालायला जातो, पण माझे पाय आखूड आणि मांड्या जाड आहेत. पाय पुरत नाहीत, समोरचा मला दुमडून अंगावर चढतो, आणि अलीकडे मान दुखू लागली आहे. कोच म्हणतात, ‘खालून हल्ला कर.’ क्लासमधला मित्र म्हणतो, ‘क्लोज्ड गार्ड आता जुना झाला, तू ओपन गार्ड (पाय न बांधता खेळायचा गार्ड) शीक.’ खरे सांगायचे तर पाठ टेकली की मनातून हरल्यासारखेच होते. क्लोज्ड गार्ड सोडून द्यावा का? सोडायचा नसेल तर हल्ला नेमका कुठून सुरू करावा? तीन महिन्यांनी गीमधली (जाड जाकीट-पँटचा पोशाख घालून खेळायची) स्पर्धा आहे. — एक माजी पैलवान, पुणे

उत्तर :

पैलवान, सप्रेम नमस्कार.

क्लोज्ड गार्ड सोडू नका. काही सोडायचेच असेल, तर काही आठवड्यांपुरता ट्रँगल सोडा. तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. पाय बंद केल्यापासून ट्रँगल घालायला जाईपर्यंतच्या वेळात तुमचे हात काय धरतात, समोरच्याचे डोके कुठे असते, तुमची कंबर त्याच्या समोर असते की बाजूला सरकलेली असते, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. अडचण तिथेच आहे. खालून केलेला कोणताही हल्ला लागायचा असेल तर आधी समोरच्याचा ताठपणा मोडावा लागतो, मग त्याचा एक हात त्याच्या कामातून काढून आपल्या ताब्यात घ्यावा लागतो, आणि त्याच वेळी आपली कंबर त्याच्या नाकासमोरून हलवून तिरकी करावी लागते. एवढे झाले की आर्मबार (कोपराचा सांधा उलटा ताणण्याचा डाव) घालावा, गळा धरावा की पाठ घ्यावी, याचे उत्तर समोरच्याच्या शरीराच्या स्थितीवरूनच मिळते. तुम्ही ही सगळी तयारी वगळून थेट शेवटाकडे जाता, आणि ताठ बसलेल्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसावर पाय टाकता. अशा माणसावर लांब पायांच्या खेळाडूचाही ट्रँगल लागत नाही, त्यामुळे दोष तुमच्या मांड्यांचा नाही.

पाठ टेकण्याबद्दल तुम्ही प्रामाणिकपणे जे लिहिले आहे त्याला आधी उत्तर देणे आवश्यक वाटते, कारण त्या भावनेचा तुमच्या तंत्रावर थेट परिणाम होतो आहे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की कुस्ती संपते, म्हणून पैलवानाचे शरीर लहानपणापासून एकच धडा गिरवते: काहीही करून पालथे व्हा. जिउ-जित्सूत हीच सवय महागात पडते. गार्ड निसटू लागला की माजी पैलवान हमखास पालथा होतो आणि समोरच्याला आपली पाठ देतो. इंटरनॅशनल ब्राझिलियन जिउ-जित्सू फेडरेशनच्या नियमांनुसार पाठीवर येऊन दोन्ही पायांचे हूक लावणाऱ्याला (पाय मांड्यांत आतून अडकवणाऱ्याला) ४ गुण मिळतात, आणि शिवाय मागून गळा उघडा पडतो. याउलट, तुम्ही पाठीवर असताना समोरचा तुमच्या बंद पायांत नुसता बसून राहिला तर त्याबद्दल त्याला एकही गुण मिळत नाही. तुमचे पाय ओलांडून त्याने तुम्हाला दाबून धरले तर त्याला ३ गुण मिळतात, आणि तुम्ही त्याला उलटवून वर आलात तर तुम्हाला २. म्हणजे या खेळाच्या हिशेबात बंद गार्डमध्ये पाठीवर असणे ही अजून न सुटलेली लढत आहे आणि तिच्यात दोघांनाही जिंकण्याची संधी आहे. एवढेच नव्हे, तर वरच्या खेळाडूला क्लोज्ड गार्डमधून तुमच्यावर करता येण्याजोगे हल्ले अगदीच थोडे असतात, आणि तुम्हाला मात्र त्याचा गळा, दोन्ही हात, दोन्ही खांदे आणि त्याचा तोल एवढे सगळे उपलब्ध असते.

तुम्ही कुस्तीतून आला आहात म्हणून दोन लढती मुद्दाम सुचवतो, कारण दोन्हींत वर बसलेला माणूस कसलेला कुस्तीगीर होता. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील तल्सा शहरात झालेल्या चौथ्या यूएफसी (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) स्पर्धेच्या अंतिम लढतीत जिउ-जित्सूपटू रॉइस ग्रेसीच्या गार्डमध्ये डॅन सेव्हर्न हा त्याच्यापेक्षा कितीतरी जड आणि अनुभवी कुस्तीगीर होता. पंधरा मिनिटांहून अधिक काळ रॉइस बहुतेक वेळ खालीच होता, आणि शेवटी ट्रँगल लावून तोच जिंकला. दुसरी लढत ७ ऑगस्ट २०१० ची, अमेरिकेतीलच ओकलंडमधली. चेल सॉनन या कुस्तीगिराने चार फेऱ्यांहून अधिक काळ अँडरसन सिल्व्हावर वर्चस्व गाजवले आणि पाचव्या फेरीत सिल्व्हाने खालून ट्रँगल आणि आर्मबार एकत्र लावून लढत संपवली. ही दुसरी लढत पाहताना शेवटच्या क्षणांकडे नीट लक्ष द्या. पाय खांद्यावरून जाण्याआधी सिल्व्हाने सॉननचे मनगट पकडून ठेवलेले दिसते. पाय शेवटी आले, मनगट आधी आले. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या दृश्यात आहे.

आता ताठपणा मोडण्याकडे वळू. समोरचा तुमच्या गार्डमध्ये गुडघ्यांवर बसलेला आहे, पाठ सरळ आहे, डोके कमरेच्या बरोबर वर आहे, आणि एक हात तुमच्या छातीवर तर दुसरा कमरेजवळ आहे. या स्थितीत केवळ हातांनी त्याला खाली ओढायला गेलात तर तुमच्या खांद्यांची ताकद त्याच्या पाठीच्या आणि पायांच्या ताकदीशी भिडते आणि तुम्ही दमता. ओढण्याचे खरे काम पायांनी करायचे असते. गुडघे स्वतःच्या छातीकडे झटक्याने घ्या, म्हणजे त्याची कंबर पुढे खेचली जाते आणि त्याचे वजन टाचांवरून सुटते, आणि नेमक्या त्याच क्षणी हातांनी त्याचे डोके किंवा कोपर आपल्याकडे आणा. पाय आणि हात यांच्यात अर्ध्या सेकंदाचेही अंतर पडले तर तो पुन्हा ताठ होतो. आणखी एक गोष्ट अशी की, तो स्थिर बसलेला असताना ओढण्यापेक्षा तो काही करायला निघाला की ओढणे कितीतरी सोपे जाते. तुमच्या मांडीत कोपर रुतवण्यासाठी त्याला हात मागे न्यावा लागतो आणि किंचित मागे सरकावे लागते. त्या हालचालीतच त्याचे कोपर शरीरापासून सुटते. तुम्ही आजवर तो क्षण वेदना सहन करण्यात घालवत आला आहात. यापुढे त्याच क्षणी त्याचे कोपर आतून बाहेर सारा आणि गुडघे छातीकडे घ्या, तो तुमच्या छातीवर येईल.

गीमध्ये तुम्हाला कॉलरचा मोठा आधार आहे. तुमचा उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये, चार बोटे आत आणि अंगठा बाहेर, तळहात वर, जितका खोल जाईल तितका घाला, अगदी मानेच्या मागच्या शिवणीपर्यंत. मग कोपर खाली सोडा आणि हाताचे वजन त्याच्या मानेवर टाकून ठेवा. पहिली पकड खोल असेल तर दुसरा हात आणून गळा आवळता येतोच, आणि रॉजर ग्रेसीसारख्या विश्वविजेत्याने सर्वोच्च पातळीवर हाच साधा कॉलर चोक वर्षानुवर्षे वापरला आहे. परंतु चोक लागो वा न लागो, ती पकड तीन कामे करते. त्याला सरळ होऊ देत नाही, त्याला एक हात गळ्याच्या रक्षणाला आणायला भाग पाडते, आणि तो हात वर आला की त्याचे कोपर बरगड्यांपासून सुटते. कोपर सुटले की आर्मबारची वाट मोकळी होते. गी घालून खेळताना तुम्ही पाय बंद केल्यावर पहिली हालचाल कोणती करावी, असे विचारलेत तर माझे उत्तर हीच पकड असे आहे.

ताठपणा मोडला की दुसरे काम हाताचे, आणि इथे तुमची कुस्ती तुमच्या कामी येईल. उभ्या कुस्तीत समोरच्याचे एक मनगट दोन्ही हातांनी धरून त्याला तिरका करणे, दंड ओढून त्याच्या मागे जाणे, हे तुमच्या अंगवळणी पडलेले असणार. तेच पाठीवर पडून करा. एका हाताने त्याचे मनगट किंवा बाही धरा, दुसऱ्या हाताने त्याच दंडाला मागून पकडा, आणि तो हात तुमच्या छातीच्या मध्यरेषेपलीकडे न्या. नेताना फक्त हात ओढू नका, त्याच वेळी तुमची कंबर विरुद्ध बाजूला सरकवा, म्हणजे त्याचा हात एका बाजूला आणि तुमचे शरीर दुसऱ्या बाजूला जाईल. मग छाती त्याच्या खांद्याला चिकटवून तो हात दोघांच्या मध्ये कोंडून टाका आणि मोकळा झालेला हात त्याच्या पाठीवरून पलीकडच्या काखेत घाला. या जागी आलात की तो तुमच्यासमोर राहिलेला नसतो, तुम्ही त्याच्या बगलेत शिरलेले असता. इथून पाय उघडून त्याच्या पाठीवर चढणे हा पहिला हल्ला, आणि तुमच्यासारख्या खेळाडूला तो सर्वांत नैसर्गिक वाटेल. तो पाठ वाचवण्यासाठी तुमच्याकडे जोराने वळला, तर ज्या बाजूचा हात कोंडला आहे त्या बाजूला टेकायला त्याच्याकडे आधार नसतो, म्हणून तो त्याच बाजूला उलटतो.

तुम्ही वर्षानुवर्षे पट काढत (समोरच्याचे पाय धरून त्याला पाडत) आला आहात, म्हणजे कमरेचा धक्का आणि पोटाची ताकद तुमच्याकडे तयार आहे. म्हणून तुमच्या मुख्य हल्ल्यासाठी मी हिप बंप (कमरेच्या धक्क्याने उलटवणे), किमुरा (हात धरून खांदा पिळणे) आणि गिलोटिन (पुढून गळा आवळणे) हे त्रिकूट सुचवेन. तुमच्या पार्टनरची जी सवय तुम्हाला सर्वाधिक छळते, म्हणजे ताठ बसणे, तीच या हल्ल्याची सुरुवात आहे. तो ताठ आणि किंचित मागे रेललेला असताना पाय उघडा, एका हातावर टेकून झटक्याने उठून बसा, दुसरा हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावरून टाकून त्याचा दंड काखेजवळ घट्ट धरा, आणि कंबर त्याच्या पोटावर तिरकी आदळवा. सरळ मागे ढकलू नका. ज्या बाजूचा दंड धरला आहे त्याच बाजूला, त्याच्या खांद्यामागच्या कोपऱ्याकडे ढकला, कारण तिकडे टेकायला त्याच्याकडे हात नाही. तो पडला तर तुम्ही थेट माउंटमध्ये, म्हणजे त्याच्या पोटा-छातीवर स्वार होऊन जाता, आणि ती जागा तीन सेकंद टिकवली की फेडरेशनच्या नियमांनुसार स्वीपचे (खालून उलटवण्याचे) २ आणि माउंटचे ४ असे ६ गुण मिळतात.

बरेचदा तो पडत नाही, आणि खरा हल्ला तिथून सुरू होतो. पडू नये म्हणून त्याने दंड सोडवून हात मॅटवर टेकला, की त्याचे मनगट तुमच्या हाताशी येते. ते मनगट धरा, दुसरा हात त्याच्या खांद्यावरून घालून स्वतःचेच मनगट पकडा, पाठीवर परत या आणि कंबर बाहेर काढून किमुरा लावा. इथे एक सूचना महत्त्वाची आहे. त्याचा हात त्याच्या शरीरापासून लांब ओढून पिळायला जाऊ नका. दोन्ही हातांची चौकट छातीला चिकटवून ठेवा आणि पूर्ण अंग वळवून खांदा फिरवा. पाय त्याच्या पाठीवर ठेवलेला असू द्या, नाहीतर तो पुढे कोलांटी मारून निसटेल. दुसरी शक्यता अशी की, तुम्ही उठून बसताच तो घाबरून तुम्हाला पुढून ढकलत खाली दाबेल. तसे करताना त्याचे डोके तुमच्या काखेच्या बाजूला खाली येते. खांद्यावरून टाकलेला हात तसाच त्याच्या गळ्याखालून फिरवा, मनगटाची कड गळ्याशी आणा, पाय पुन्हा बंद करा आणि गिलोटिन आवळा. ताठ राहिला तर उलटतो, हात टेकला तर खांदा जातो, पुढे दाबला तर गळा जातो. या तिन्ही हालचाली एकाच उठण्यातून निघतात, म्हणून त्या वेगवेगळ्या शिकू नका. पार्टनरला सांगा, की प्रत्येक वेळी तिन्हींपैकी कोणताही बचाव मनाप्रमाणे कर, आणि तुम्ही उठून बसल्यानंतर हाताला जे लागेल त्याप्रमाणे पुढे जा. दोन वर्षांच्या अनुभवाला एवढे जमण्यासारखे आहे.

दुसरा हल्ला हात ताब्यात आल्यानंतरचा, आर्मबार. त्याचा ताठपणा मोडलेला आहे आणि एक हात तुमच्या छातीवर अडकलेला आहे, अशा वेळी पाय कमरेवरच बांधून ठेवू नका. ते वर चढवा, एक पाय त्याच्या खांद्याच्या पात्यापर्यंत आणि दुसरा काखेत. याला हाय गार्ड म्हणतात, आणि जाड मांड्यांचा त्यात फायदाच होतो, कारण त्या खांद्याला खालून-वरून दाबून धरतात. मग एक पाय त्याच्या खुब्यावर टेकवून कंबर उचला आणि स्वतःला एवढे वळवा, की तुम्हाला त्याचे तोंड न दिसता कान दिसेल. हा अँगल आला की पाय डोक्यावरून आणा, गुडघे एकमेकांकडे दाबा, टाच खाली ओढा आणि त्याचा अंगठा वरच्या दिशेला ठेवून कंबर उचला. सरावात शेवटची हालचाल सावकाश करा आणि पार्टनरला टॅप करायला (थोपटून हार मान्य करायला) वेळ द्या. नवशिके अँगल न घेता सरळ समोरून पाय टाकतात, आणि समोरच्याने अंग पुढे लोटले की दुमडले जातात. तुमचा ट्रँगल ज्या कारणाने फसतो तेच हे कारण आहे.

ट्रँगलबद्दल आता बोलता येईल. गळा दोन बाजूंनी आवळला जातो, एका बाजूने तुमची मांडी आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वतःचाच खांदा. समोरासमोर राहून पाय बांधायला गेलात तर त्याच्या दोन्ही खांद्यांची पूर्ण रुंदी तुमच्या पायांना घेरावी लागते, आणि आखूड पाय तिथे कमी पडतात. कंबर बाजूला काढून जवळजवळ काटकोनात आलात, तर घेरायची रुंदी बरीच कमी होते. म्हणून पाय टाकल्यावर लगेच घोटा गुडघ्याखाली अडकवण्याची घाई करू नका. मानेवर गेलेल्या पायाची नडगी हाताने धरा, दुसरा पाय त्याच्या खुब्यावर टेका, अंग वळवा आणि मगच गुडघ्यामागच्या खोबणीत घोटा बसवा. पाऊल धरून ओढू नका, नडगीच धरा. पाऊल ओढल्याने स्वतःच्या घोट्याला आणि गुडघ्याला इजा होते. ज्या बाजूला वळला आहात त्या बाजूचा त्याचा पाय हाताने आतून अडवून ठेवलात, तर त्याला तुम्हाला दुमडता येत नाही. हे सगळे तुम्ही पुढे शिकालच. परंतु तुमच्या बांध्याला ट्रँगल हा पहिला हल्ला म्हणून न घेता, समोरच्याने आर्मबारमधून हात सोडवण्याच्या प्रयत्नात दुसरा हात बाहेर ठेवला, तर त्या चुकीची शिक्षा म्हणून घेतलेला बरा. ओमोप्लाटाचेही (पायांनी खांदा पिळण्याच्या डावाचेही) तेच. हात खाली लपवू लागला तर तो मिळतो, मुद्दाम शोधायला जाण्याची गरज नाही.

गार्ड उघडण्याविषयी माझे मत ठाम आहे. पाय तुम्ही उघडायचे, समोरच्याने उघडेपर्यंत थांबायचे नाही. वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक हल्ला पाय उघडूनच सुरू होतो. तुमचे पाय बंद राहतात ते समोरच्याला थोडा वेळ जागेवर धरण्यासाठी, तेवढ्यात पकडी जमवण्यासाठी. सतत मांड्या आवळून बसल्याने समोरच्याला काही होत नाही, तुमचेच पाय भरून येतात, आणि स्पर्धेत नुसते धरून बसलेल्या खेळाडूला रेफरी निष्क्रियतेबद्दल दंड देतो. समोरच्याने एक गुडघा उचलून पाय उघडायला सुरुवात केली तर उचललेल्या पायामागे हात घाला, त्याचा तोल त्या बाजूला कच्चा झालेला असतो. तो दोन्ही पायांवर उभा राहिला तर त्याला लोंबकळत राहू नका. दोन्ही घोटे हातांनी धरा, कंबर खाली सोडा, गुडघे त्याच्या पोटात दाबा, तो मागे बसेल. मग एका हातावर टेकून त्याच्या पाठोपाठ वर या. पट काढून वर यायची सवय असलेल्या माणसाला ही हालचाल शिकवावी लागणार नाही.

तुमच्या मित्राच्या सल्ल्यात तथ्य एवढेच, की केवळ क्लोज्ड गार्डवर कायमचे अवलंबून राहता येत नाही. पाय उघडले गेले की पुढे काय, हे कधीतरी शिकावे लागेल. परंतु क्लोज्ड गार्ड जुना झाला हे मला मान्य नाही. ताठपणा मोडणे, हात मध्यरेषेपलीकडे नेणे आणि अँगल घेणे ही कामे प्रत्येक गार्डमध्ये लागतात आणि ती इथेच सर्वांत शांतपणे शिकता येतात, कारण समोरचा बांधलेला असतो. शिवाय तेहतिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून सराव करणाऱ्याने गुडघे पिळणाऱ्या गुंतागुंतीच्या गार्डांची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

मानेचे दुखणे मात्र अंगावर काढू नका. मानेवर ब्रिज करण्याच्या (डोके टेकवून अंगाची कमान करण्याच्या) सवयीमुळे पैलवान दुमडल्या अवस्थेत गरजेपेक्षा जास्त वेळ टिकून राहतो, आणि वरच्याचे सगळे वजन मानेच्या मणक्यांवर येते. यापुढे समोरच्याने तुम्हाला दुमडून गुडघे तुमच्या कानांजवळ आणले, की हल्ला सोडा, पाय उघडा आणि कंबर बाजूला काढा. तेवढ्यात जमले नाही तर टॅप करा. तुम्ही पायांनी लटकलेले असताना समोरचा तुम्हाला उचलून उभा राहिला तर लगेच पाय सोडा. उचलून आपटणे फेडरेशनच्या नियमांत निषिद्ध आहे, पण सरावात तोल जाऊन दोघेही पडू शकतात. हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा दुखणे खांद्यात आणि दंडात उतरत असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टरांना मान दाखवा, स्पर्धा पुढेही होतील.

मान ठीक असेल, तर तीन महिन्यांची आखणी अशी करा. पहिले काही आठवडे प्रत्येक सरावानंतर कोचकडून थोडा वेळ मागून घ्या आणि क्लोज्ड गार्डपासूनच सुरू होणारे रोल (सरावाच्या लढती) करा. तुम्ही खाली, समोरचा वर. तो ताठ बसायचा प्रयत्न करेल, तुम्ही फक्त त्याचे डोके आपल्या छातीपर्यंत आणायचे आणि एक हात पलीकडे न्यायचा. त्यात टॅप घेण्याचा प्रयत्नही करू नका. हे सहज होऊ लागले की हिप बंपचे त्रिकूट जोडा आणि मग पाठ घेणे. शेवटच्या महिन्यात नवे काही शिकू नका, गार्डमधून सुरू होणारे रोल पूर्ण ताकदीने आणि घड्याळ लावून करा, आणि त्यात तुमच्यापेक्षा जड पार्टनर एखादा तरी असू द्या. कोच ‘हल्ला कर’ म्हणतात तेव्हा त्यांना विचारा, की मला डोळे मिटून सांगता येईल का, आत्ता समोरच्याचे वजन पुढे आहे की मागे. आणि त्यांच्यासमोर तेच ओळखण्याचा सराव करा. मागे असेल तर उठून बसा, पुढे असेल तर हात ओढा.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही उभ्या लढतीत पट काढून वरच जाणार, आणि तसेच करावे. त्याचे २ गुण तुमचे हक्काचे आहेत. समोरच्याने तुम्हाला खाली आणलेच, तर पालथे होण्याऐवजी पाठीवर वळा, पाय बंद करा, उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये खोल घाला आणि तो काय करतो ते पाहून पुढची चाल करा.